विश्लेषण : भाताच्या कोकणात गहू लपतो कुठे? जामसंड्याला जाणाऱ्या ‘ग्लूटेन-फ्री’ पर्यटकाने काय खावे, काय विचारावे?

मे महिन्यात हापूससाठी, दिवाळीनंतर समुद्रासाठी आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेसाठी पर्यटक देवगड-जामसंड्याची वाट धरतात. त्यांत अलीकडे अशीही कुटुंबे असतात, ज्यांच्यातल्या एकाला डॉक्टरांनी गहू आयुष्यभरासाठी बंद केलेला असतो. अशा घराला कोकण सोयीचे वाटते. भात, तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळ्या, मासे आणि नारळ असलेल्या ताटात गव्हाचा संबंध येतो कुठे? तो येतो, आणि अशा जागी येतो की रांधणाऱ्या काकींनाही तो गहू म्हणून दिसत नाही. हिंगाच्या डबीत, वड्यांच्या पिठात, सुरमईच्या रव्यात आणि गिरणीच्या जात्यात तो असतो. याउलट पाव आणि पास्त्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही अशा युरोपीय शहरांत, क्रूझवरून आठ-दहा तासांसाठी उतरलेल्या पर्यटकाला गव्हाविना जेवण तुलनेने सहज मिळते. असे उलटे चित्र का आहे आणि जामसंड्यात उतरणाऱ्याने नेमके काय विचारायचे, हे समजून घेण्यासारखे आहे.

गहू बंद म्हणजे नेमके काय बंद?

ग्लूटेन हे गव्हातले प्रथिन. पोळीची कणीक ताणली की तुटत नाही आणि पाव फुगतो, ते या चिवट प्रथिनामुळे. जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही त्याचे सख्खे भाऊबंद असतात. सीलिअ‍ॅक या आजारात हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारी मखमलीसारखी लव असते. ती झिजून सपाट होते. मग कितीही सकस खाल्ले तरी अंगी लागत नाही.

गहू म्हणजे केवळ पोळी नव्हे. मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडया आणि गव्हाचा चीक हे सगळे गहूच. खपली गहू ‘जुना’ आणि ‘देशी’ असल्याने चालतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. खपलीतही ग्लूटेन असते. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. माल्ट घातलेली दुधात मिसळायची पावडर आणि बिअर जवापासून होते. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा आणि सर्व डाळी-कडधान्ये मात्र मुळात ग्लूटेनविरहित आहेत. कोकणाचे जुने जेवण जवळपास सगळे या दुसऱ्या यादीतले आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. वजन कमी करण्यासाठी किंवा ‘हलके वाटते’ म्हणून गहू सोडणारे लोक बरेच झाले आहेत. त्यांनी एखादा पाव खाल्ला तर काही बिघडत नाही. पण त्यांच्यामुळे ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द खानावळीत नखऱ्याच्या खात्यात जमा झाला आहे आणि त्याची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

चिमूटभर गव्हाने काय होणार?

प्रवासात नेमका हाच प्रश्न यजमान विचारतात. याचे उत्तर आकड्यांत दिलेले बरे. पावाच्या एका साध्या स्लाइसमध्ये साधारण दीड-दोन ग्रॅम ग्लूटेन असते. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतचा अंश सोसतो, आणि रोज 50 मिलिग्रॅम गेले तर तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसू लागते, असे अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणजे सुरक्षित मर्यादा एका स्लाइसच्या दीडशे-दोनशेव्या भागाइतकी आहे. चपातीच्या पोळपाटावर थापलेली तांदळाची भाकरी किंवा रव्याचे मासे तळलेल्या तेलात सोडलेला बटाटा, एवढ्याने ती ओलांडली जाऊ शकते.

काही रुग्णांना तासाभरात उलट्या आणि पोटदुखी होते, काहींचा पुढचा दिवस अंथरुणात जातो. काहींना मात्र काहीच जाणवत नाही, आणि ही गोष्ट अधिक फसवी आहे. ‘काल वडे खाल्ले, काही झाले नाही’ हा पुरावा ठरत नाही; आतड्याची झीज आवाज न करता चालू राहते. लहान मुलांत उंची खुंटणे, गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, वारंवार येणारे तोंडातले व्रण, मोठेपणी ठिसूळ होणारी हाडे अशा रूपांत ती पुढे दिसते. टाइप-1 मधुमेह आणि थायरॉइडचे काही विकार असलेल्यांत हा आजार अधिक आढळतो.

या आजारावर औषध नाही. गहू, जव आणि राय पूर्ण बंद करणे हाच उपचार आहे. निदान रक्ततपासणीने आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीने होते. तपासणीआधीच स्वतःहून गहू सोडला तर दोन्ही तपासण्या चकवतात. संशय असेल तर आधी डॉक्टर, मग पथ्य, हा क्रम पाळायला हवा.

गव्हाचा हा दोष कळला कसा?

हा शोध भुकेतून लागला. विलेम डिके हे नेदरलँड्समधील हेग येथील बालरोगतज्ज्ञ. या मुलांना गहू सोसत नसावा, असा त्यांचा संशय जुना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दिसेनासा झाला. माणसे कंदमुळे खाऊन जगत होती, पण डिके यांच्याकडची ही आजारी मुले मात्र सुधारली. युद्ध संपून पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली. डिके यांनी 1950 मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडले. त्याआधी या मुलांसाठी अमेरिकेत केळ्यांचा आहार प्रसिद्ध होता. मुले बरी होत, श्रेय केळ्याला मिळे. खरे कारण केळ्यासोबत बंद झालेला गहू होते.

मग कोकणात हा आजार फारसा ऐकू का येत नाही?

या आजारासाठी विशिष्ट जनुके लागतात आणि ग्लूटेनही लागते. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन विभागांतील 23 हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करणारा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात या आजाराची प्रतिद्रव्ये उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली. जनुकांचे प्रमाण तिन्हीकडे फार वेगळे नव्हते. मोठा फरक होता तो गव्हाच्या खाण्यात.

कोकणात गहू जवळजवळ पिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जेवण भात आणि नाचणीवर चालले. गहू आला तो रेशनच्या दुकानातून, मुंबईकर चाकरमान्यांच्या सवयीतून आणि बेकरीच्या पावातून. आज जामसंड्याच्या बाजारात सकाळचा वडापाव आणि खारी-बटर जितक्या सहज मिळते, तितक्या सहज घावणे मिळतीलच असे नाही. आजार ओळखीचा नसल्याने रांधणाऱ्याला त्याची धास्ती नाही, आणि धास्ती नसल्याने रांधणे सावध नाही. पर्यटकापुढची खरी अडचण ही आहे.

जामसंड्याच्या ताटात काय चालते?

पुष्कळ काही. पण ‘तांदळाचे आहे’ एवढ्यावर थांबू नये. तांदूळ पिठाच्या रूपात गिरणीतून आला की घरीच भिजवून वाटला, हा प्रश्न इथे सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

गावातल्या गिरणीत एकाच जात्यावर आधी गहू, मग तांदूळ, मग नाचणी असे दळण चालते. आधीच्या दळणाचे पीठ दगडांच्या खाचांत आणि पिशवीच्या नळीत राहते आणि पुढच्या दळणात उतरते. तांदळाची भाकरी, शेवग्यावर दाबलेले शिरवाळे आणि उकडीचे मोदक हे सगळे साधारणपणे दळून आणलेल्या पिठाचे असतात. त्यातला तांदूळ शंभर टक्के निर्दोष, पण पीठ तसे असेलच असे नाही. आधी किलोभर स्वस्त तांदूळ दळून तो बाजूला काढला की गहू कमी होतो, पण पुरता जात नाही. ज्या घरी घरघंटी आहे आणि तिच्यात गहू दळला जात नाही, तिथली भाकरी अधिक भरवशाची.

आंबोळीचे तसे नाही. तांदूळ, उडीद आणि मेथी भिजवून मिक्सरवर किंवा रगड्यावर वाटतात, रात्रभर आंबवतात आणि बिडाच्या तव्यावर घालतात. अशा घरी वाटलेल्या आंबोळीत गिरण येत नाही. घावणेही अनेक घरांत भिजवलेल्या तांदळाचे होतात. काही ठिकाणी पिठाचे होतात आणि काही हॉटेलांत ते कुरकुरीत व्हावेत म्हणून रवा किंवा मैदा मिसळला जातो, म्हणून एकदा विचारावे. बिडाचा तवा ही आणखी एक जमेची बाजू. घावणे चिकटू नयेत म्हणून कोकणातल्या बायका हा तवा जपून वेगळा ठेवतात आणि त्यावर सहसा चपाती भाजत नाहीत. त्यामागचे कारण आजाराचे नाही, पण उपयोग रुग्णाला होतो. न्याहारीला अशी घरी वाटलेली आंबोळी आणि नुसती ओल्या खोबऱ्याची चटणी याहून सुरक्षित काही सांगणे कठीण आहे. सोबतची काळ्या वाटाण्याची उसळ मात्र हिंग विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि माशाचे तिखले. मालवणी कालवणाला दाटपणा ओल्या नारळाच्या वाटपाने येतो, मैद्याने नाही. बांगडा-तारलीच्या कालवणात हिंगाऐवजी तिरफळ पडते, हेही बरे. सोलकढी म्हणजे नारळाचे दूध, आमसूल, लसूण, मिरची. तिच्यात गव्हाला जागा नाही. हापूस, फणस, काजू, शहाळे, कोकम सरबत हे विचारायचीही गरज नसलेले पदार्थ. आंबापोळी आणि फणसपोळी म्हणजे वाळवलेला रस. पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत, इतकेच. सांदण ‘रव्याचे’ म्हणून कुणी दचकेल, पण कोकणी सांदणाचा रवा परंपरेने तांदळाचा असतो. तवसाळ्याचेही तसेच, फक्त तिथे काही घरांत आता गव्हाचा रवा शिरला आहे.

आणि गहू लपतो कुठे?

पहिला क्रमांक हिंगाचा. बाजारात डबीत मिळणारा हिंग शुद्ध नसतो. शुद्ध हिंगाचा चीक इतका उग्र असतो की तो डिंक आणि पीठ किंवा स्टार्च घालून बांधावा लागतो. याला बांधणी हिंग म्हणतात आणि असे पीठ घालण्यास नियमांची परवानगी आहे. अनेक कंपन्यांच्या हिंगात ते पीठ गव्हाचे असते, काहींच्यात तांदळाचे. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, पण फोडणी देताना डबी वाचतो कोण? त्यामुळे साधे वरण, उसळ, कोकमाचे सार, लोणचे आणि उडदाचा पापड हे दिसायला निरुपद्रवी पदार्थ संशयित ठरतात. मालवणी मसाल्याच्या अनेक घरगुती प्रमाणांतही हिंग असतो. खडा हिंग वापरणारी घरेही आहेत. पण खडाही बांधणीचा असू शकतो.

दुसरा क्रमांक वड्यांचा. कोंबडी-वडे हे या किनाऱ्याचे मानाचे जेवण आणि ‘तांदळाचे वडे’ अशी त्यांची ओळख. पिठात तांदूळ खरेच जास्त असतो. त्यासोबत उडीद, हरभरा डाळ, धणे, मेथी आणि बऱ्याच घरांत थोडे गहू. “वड्यांच्या पिठात गहू घालतास काय?” असे मालवणीत विचारले तर “वायच घालतंव, नायतर वडे कडक होतत” असे उत्तर येऊ शकते. ‘वायच’ म्हणजे थोडेसे, आणि इथे थोडेसेच महागात पडते. दुकानात मिळणाऱ्या वड्यांच्या तयार पिठाच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, त्यामुळे हॉटेलात पाकीट दाखवायला सांगणे हा सोपा मार्ग आहे. थालीपिठाच्या भाजणीलाही हेच लागू.

तिसरा रवा. सुरमई, पापलेट, कोलंबी यांना हॉटेलात तळण्यापूर्वी रव्यात घोळवतात. जुन्या घरांतली पद्धत तांदळाच्या पिठाची होती, पण पर्यटकांना कुरकुरीत हवे असते आणि मेनूकार्डावर ‘रवा फ्राय’ हेच विकले जाते. रव्याविना, नुसते मीठ, हळद, आगळ आणि तिखट लावून भाजायला सांगितले तरी तवा आणि तेल तेच असेल तर फायदा नाही. वेगळ्या पॅनमध्ये ताज्या तेलात करून मिळत नसेल तर तळलेल्या माशाचा मोह सोडून कालवणावर यावे.

पुढची नावे पटकन सांगता येतील. नाचणीची बिस्किटे, ज्यात बेकरीचा मैदा असतो. चायनीज गाडीवरचा सोया सॉस, कारण तो बहुधा सोयाबीन आणि गहू आंबवून करतात. कढईतले तेल, ज्यात सकाळी वडे आणि दुपारी मासे तळले गेले. आणि सत्यनारायणाचा शिरा. या शेवटच्याला नाही म्हणणे इतर कशाहून अवघड, कारण तिथे नकार आचाऱ्याला नसतो, देवाला असतो. सोबत फळांचा प्रसाद असतोच. केळे मागून घेतले तर कुणी दुखावत नाही.

युरोपच्या बंदरात हे सोपे कसे?

भूमध्य समुद्रातली क्रूझ बार्सिलोना, नेपल्स किंवा रोमसाठी चिविटावेकिया अशा बंदरांत सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. मराठी कुटुंबेही आता अशा सहलींना जातात. शहरात उतरलेल्या रुग्णाला समोर पाव, पिझ्झा आणि पास्ता दिसतो. गव्हाचा एवढा मारा कोकणात कुठेच नाही. तरी त्याला दोन गोष्टींचा आधार असतो.

एक म्हणजे कायदा. युरोपीय महासंघाच्या 1169/2011 या नियमावलीनुसार डिसेंबर 2014 पासून 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. ग्लूटेनयुक्त धान्ये त्यांतली एक. हे बंधन पाकीटबंद मालापुरते नाही. हॉटेलातल्या ताटाला, बेकरीतल्या सुट्या केकला आणि रस्त्यावरच्या गाडीलाही ते लागू होते. त्यामुळे वेटरला ‘यात गहू आहे का’ असे विचारले तर तो आठवणीने उत्तर देत नाही, वही काढून दाखवतो. ‘ग्लूटेन-फ्री’ असे लिहायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे लागते. दुसरी गोष्ट रुग्णसंघटनांची. तिरप्या रेषेने छेदलेली गव्हाची ओंबी हे त्यांचे चिन्ह पाकिटांवर आणि त्यांच्याशी जोडलेल्या हॉटेलांच्या याद्यांत दिसते.

पास्त्याचा देश असलेला इटली यात सर्वांत पुढे आहे. तिथल्या रुग्णांची संघटना 1979 पासून काम करते. 2005 च्या कायद्याने शाळा, रुग्णालये आणि सरकारी उपाहारगृहांत मागणाऱ्याला ग्लूटेनविरहित जेवण देणे सक्तीचे झाले आणि 2023 मध्ये मुलांच्या सरसकट तपासणीसाठी कायदा झाला. ज्यांच्या घरात गहू सर्वाधिक, त्यांनाच त्याचा त्रास आधी दिसला आणि त्यांनीच व्यवस्था आधी केली, असे म्हणता येईल.

बंदरात उतरताना इटलीत ‘सेंत्सा ग्लूतिने’, स्पेनमध्ये ‘सिन ग्लूतेन’, फ्रान्समध्ये ‘सां ग्लूतेन’ एवढे शब्द पुरतात. पण तिथेही पिझ्झेरियात एकच भट्टी आहे का, हे विचारावे लागते, कारण हवेत उडणारा मैदा मेनूकार्ड वाचत नाही. भारतीय प्रवाशाची खास अडचण निराळी आहे. सोबत घेतलेला खाकरा आणि ठेपला गव्हाचा. युरोपीय महासंघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आणि बहुतेक क्रूझ कंपन्या घरचे शिजवलेले अन्न बोटीवर घेऊ देत नाहीत. म्हणून बोटीच्या कंपनीला आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवणे आणि उतरायच्या दिवसासाठी बंद पाकिटातला सुका खाऊ ठेवणे, हे दोनच उपाय उरतात.

आपल्याकडे कायदा नाही का?

आहे, पण तो खानावळीच्या उंबऱ्यावर थांबतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार भारतातही ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि 2020 च्या लेबलविषयक नियमांनी पाकीटबंद पदार्थांवर ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख आवश्यक केला आहे. मेनूकार्डावर माहिती देण्याचे बंधन मुख्यतः मोठ्या साखळी हॉटेलांना आहे. जामसंड्यातली घरगुती खानावळ, देवगडच्या किनाऱ्यावरचा स्टॉल किंवा बागेतली न्याहारी-निवासाची सोय यांना ते लागू होत नाही. इथे आधार उरतो तो रांधणाऱ्या माणसाचा. तो कमी नाही, फक्त त्याच्याशी नीट बोलावे लागते.

मग विचारायचे कसे?

‘ग्लूटेन’ हा शब्द काढला की संवाद तिथेच अडतो. ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हटले तर निदान गहू कळतो, पण मनात चित्र येते ते पोळीचे. रवा, मैदा, हिंग येत नाहीत. मराठी स्वयंपाकघराकडे मात्र यासाठी एक तयार कल्पना आहे: उपास. उपासाच्या कढईत आदल्या दिवशीचे तेल चालत नाही, खिचडीला दुसऱ्या भाजीचा डाव लागू देत नाहीत, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. श्रावणात माशांची भांडी वेगळी काढणाऱ्या घरांना तर हे अंगवळणीच पडलेले असते. म्हणून “काकी, याच्यासाठी गव्हाचा कडक उपास आहे असं समजा. रवा, मैदा, डबीतला हिंग, चपातीचा तवा, काहीच चालत नाही. चुकून लागला तर पोरगा आजारी पडतो” हे वाक्य कुठल्याही छापील कार्डापेक्षा लवकर पोचते. हे सांगायची वेळ जेवायला बसल्यावरची नाही, आदल्या दिवशी फोनवरची. तेव्हा सांगितले तर तांदूळ भिजत घालता येतात.

प्रश्नही नेमके हवेत. ‘यात गहू आहे का?’ याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ येते. ‘भाकरीचे पीठ कुठे दळले?’, ‘हिंग कुठल्या डबीचा?’, ‘मासे कशात घोळवता?’, ‘हे तेल सकाळचे आहे का?’ असे विचारले की खरी माहिती मिळते. गर्दीच्या हॉटेलापेक्षा आधी सांगून जेवण करणारी घरगुती खानावळ इथे उजवी. तिथे रांधणारी व्यक्ती आणि वाढणारी व्यक्ती एकच असते, निरोप मधे हरवत नाही.

सोबत काय न्यावे?

रेल्वेने कणकवलीला किंवा महामार्गाने नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळेपर्यंतचा प्रवास हाच सर्वांत अवघड टप्पा आहे, कारण वाटेत मिळते ते वडापाव, बिस्किटे, ब्रेड-ऑम्लेट. गाडीतल्या जेवणाच्या ट्रेमध्ये भात आणि चपाती शेजारी असतात आणि वरणात हिंग असतो. घरून दडपे पोहे, घरी दळलेल्या ज्वारीची भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ न्यावे. सामानात तांदळाच्या पिठात बांधलेल्या हिंगाची एक लहान डबी, एक हलका पॅन आणि वेगळा उलथना असला की यजमानांचे अर्धे काम हलके होते. पॅन पुढे केला तर कुणाला वाईट वाटेल, अशी भीती बाळगू नये. श्रावण पाळणाऱ्या घराला वेगळे भांडे नवे नसते.

परतीच्या वाटेवर घ्यायच्या खरेदीतही काळजी हवी. आंब्याच्या पेटीवर काही वाचायची गरज नाही. खाजा मूळचा बेसन, गूळ आणि आल्याचा, पण जत्रेतल्या दुकानात तो कोणत्या कढईतून निघाला ते विचारून घ्यावे. तांदळाचे आणि नाचणीचे पीठ, आंबोळीचे तयार पीठ, मालवणी मसाला बचत गटांकडूनही मिळतो. त्यात पीठ गव्हाच्याच गिरणीत दळले आहे का आणि मसाल्यात हिंग आहे का, हे दोन प्रश्न तिथेच विचारता येतात. उत्तर देणाऱ्या ताई बहुतेक वेळा स्वतःच दळण घेऊन गेलेल्या असतात.